डिझेल कोणत्या कंपनीचं, की कोणत्या पंपाचं?



आपल्याकडे काही विषयांवर प्रत्येकाचं मत ठरलेलं असतं. चहा कसा असावा, आंबा कुठला खावा आणि गाडीत डिझेल कोणत्या कंपनीचं भरावं! लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर, गॅरेजच्या बाकड्यावर हा विषय निघाला की कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "आपली गाडी फक्त अमक्याच पंपावरचं डिझेल पिते. दुसरं टाकलं की ओढतच नाही." लगेच दुसरा म्हणतो, "अहो, मी तर उलटं ऐकलंय." आणि तिसरा खास जातीचं, जास्त पैशांचं डिझेल भरून अॅव्हरेज कसं वाढलं ते सांगू लागतो.

वरवर पाहता हा गप्पांचा विषय आहे. पण ज्याच्या घरी एक पिकअप आहे आणि तिच्यावरच भाजीपाल्याची ने-आण करून संसार चालतो, त्याच्यासाठी हा पैशांचा विषय आहे. लिटरमागे चार रुपये जास्त मोजायचे की नाही, स्वस्त मिळतंय म्हणून कुठूनही भरायचं की नाही, हे प्रश्न महिन्याच्या शेवटी खिशाला कळतात. म्हणून आज या प्रश्नाकडे जरा शास्त्राच्या आणि व्यवहाराच्या चष्म्यातून बघू या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. साध्या डिझेलच्या बाबतीत कंपनीच्या नावाने गाडीच्या ताकदीत किंवा अॅव्हरेजमध्ये जाणवेल असा फरक पडत नाही. फरक पडतो तो पंपाच्या प्रामाणिकपणाने, टाकीतल्या स्वच्छतेने आणि आपल्या गाडीच्या निगेने. आता असं का म्हणतो, ते क्रमाने पाहू.

डिझेल येतं कुठून?

पंपावरचा फलक वेगळा, रंग वेगळा, कर्मचाऱ्यांचा गणवेश वेगळा. त्यामुळे आपल्याला वाटतं, की प्रत्येक कंपनीचं डिझेल तिच्या स्वतःच्या कारखान्यातूनच आलेलं असणार. पण तसं नेहमी नसतं.

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. मुंबईत चेंबूरजवळ माहुल भागात दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. एक हिंदुस्तान पेट्रोलियमचा, दुसरा भारत पेट्रोलियमचा. पहिला मुळात एस्सो या परदेशी कंपनीच्या काळातला, १९५४ मध्ये सुरू झालेला. दुसरा बर्मा शेलचा, १९५५ चा. सत्तरच्या दशकात सरकारने हे कारखाने ताब्यात घेतले आणि नावं बदलली. इंडियन ऑइल ही इंधन विकणारी देशातली सर्वात मोठी कंपनी, पण तिचा एकही तेलशुद्धीकरण कारखाना महाराष्ट्रात नाही. तिचा जवळचा कारखाना गुजरातमध्ये कोयलीला आहे. शेलचा तर भारतात कुठेच असा कारखाना नाही. खासगी कंपन्यांचे मोठे कारखाने गुजरातेत जामनगर आणि वाडीनारला आहेत.

मग इंडियन ऑइलच्या प्रत्येक पंपासाठी दूरच्या कारखान्यातून तेल आणत बसायचं का? ते परवडणार नाही. म्हणून सरकारी तेल कंपन्या आपसात मालाची देवाणघेवाण करतात. जिथे माझा कारखाना जवळ आहे तिथे तू माझं तेल घे, जिथे तुझा जवळ आहे तिथे मी तुझं घेतो, असा हा सरळ व्यवहार आहे. मुंबईहून मनमाडला भारत पेट्रोलियमची पाइपलाइन जाते. मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरला हिंदुस्तान पेट्रोलियमची जाते. त्या त्या ठिकाणच्या डेपोतून टँकर भरून गावोगाव निघतात.

म्हणजे बघा, ज्या दोन पंपांच्या डिझेलवरून दोन मित्र हातघाईवर येतात, त्या दोन्ही पंपांचं डिझेल एकाच कारखान्यातून निघालेलं असू शकतं. एकाच विहिरीचं पाणी दोन घरांच्या माठात भरावं, तसं. चव बदलली तर माठाने बदलेल, विहिरीने नाही.

सगळ्यांना एकच मोजपट्टी

दुसरी गोष्ट. डिझेल म्हणून काहीही विकता येत नाही. भारतीय मानक ब्युरोने डिझेलसाठी आयएस १४६० हे मानक ठरवून दिलं आहे. कंपनी सरकारी असो वा खासगी, तिचं डिझेल या मोजपट्टीत बसलंच पाहिजे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ प्रतीचं इंधन लागू झालं. (दिल्लीत ते दोन वर्षं आधीच आलं होतं.) या बदलात सर्वात मोठी गोष्ट होती गंधकाची. बीएस-३ च्या डिझेलमध्ये एका किलोत ३५० मिलिग्रॅमपर्यंत गंधक चालत असे. बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० वर आली आणि बीएस-६ मध्ये फक्त १० वर. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक बुळबुळीतपणा कमी होतो, आणि पंप व इंजेक्टरला तर त्याच बुळबुळीतपणाने वंगण मिळतं. म्हणून वंगणक्षमता किती हवी हेही मानकात लिहिलेलं आहे, आणि ती भरून काढण्यासाठी लागणारं द्रव्य साध्या डिझेलमध्येही घातलं जातं.

पाण्याचं प्रमाण, राख, किती तापमानाला किती भाग उकळून वर गेला पाहिजे, थंडीत किती अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे, या सगळ्याला मर्यादा आहेत. थंडीचीच गोष्ट घ्या. लडाखमध्ये हिवाळ्यात साधं डिझेल गोठून घट्ट होतं. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. इथे मात्र डिझेल-डिझेलमधला फरक खराखुरा आहे, गाडी सुरू होणार की नाही इतका. पण लक्षात घ्या, तो फरक कंपनीच्या नावाचा नाही. प्रतीचा आहे. आणि नाशिक-साताऱ्याच्या थंडीत त्याची गरजही नाही.

सीटेन म्हणजे काय भानगड आहे?

पेट्रोलच्या बाबतीत ऑक्टेन हा शब्द आपण ऐकतो. डिझेलसाठी शब्द आहे सीटेन. बरेच जण दोन्ही एकच समजतात, पण त्यांचा अर्थ जवळजवळ उलटा आहे.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि मगच पेट्रोल पेटावं अशी अपेक्षा असते. ठिणगीआधी आपोआप पेटलं तर इंजिन ठोकतं. म्हणून आपोआप पेटायला जो जास्त विरोध करतो तो चांगला, त्याचं ऑक्टेन जास्त. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९० च्या दशकात हीच युक्ती वापरली. म्हणजे इथे लवकर पेटणारं इंधन चांगलं. फवारा मारल्यापासून पेटेपर्यंतचा वेळ जितका कमी, तितका सीटेन अंक जास्त.

आपल्या मानकात हा अंक किमान ५१ हवा. आता समजा एखाद्या डिझेलचा ५१ आहे आणि दुसऱ्याचा ५४. दुसऱ्याने गाडी जास्त पळेल का? नाही. थंड इंजिन जरा सहज सुरू होईल, खडखड थोडी कमी होईल. पण ताकद येते ती इंधनात साठलेल्या ऊर्जेतून, आणि एका लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, मग फलक कोणताही असो. काडेपेटीतली काडी पटकन पेटली म्हणून चूल जास्त तापते का? चूल लाकडावर तापते.

या ऊर्जेत थोडा फरक पडतो तो घनतेमुळे. जड डिझेलच्या एका लिटरात थोडं जास्त वजन, म्हणून थोडी जास्त ऊर्जा. एका टँकरमधल्या डिझेलची घनता दर घनमीटरला ८२५ किलो आणि दुसऱ्यातल्याची ८४० असेल, तर लिटरमागे वजनात पावणेदोन-दोन टक्क्यांचा फरक झाला. पण ही घनता कशावर ठरते? कच्चं तेल कुठलं होतं आणि कारखान्यात त्या वेळी कसं शुद्ध केलं यावर. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन खेपांमध्येही हा फरक असू शकतो. तिथे "कंपनी" शोधून काय उपयोग?

मग ते 'खास' डिझेल?

इथे मात्र मला न्याय करून बोललं पाहिजे. साध्या डिझेलखेरीज कंपन्या वाढीव द्रव्यं घातलेलं डिझेलही विकतात. ही द्रव्यं म्हणजे खोटं औषध नाही. त्यामागे शास्त्र आहे.

आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल २००० बारपर्यंतच्या दाबाने इंजेक्टरमधून फवारलं जातं. गाडीच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन बारच्या आसपास. म्हणजे जवळजवळ हजारपट दाब! आणि ज्या भोकांतून हा फवारा निघतो ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. अशा भोकाच्या तोंडाशी काजळीचा थर बसला की फवारा बिघडतो, धूर वाढतो, गाडी दम सोडते. वाढीव डिझेलमधलं स्वच्छता करणारं द्रव्य हा थर बसू देत नाही, बसलेला थोडाफार काढतं. काहींमध्ये फेस कमी करणारं आणि गंज रोखणारं द्रव्यही असतं.

मग फायदा किती? जाहिरातीत आकडे असतात. २०२३ मध्ये जिओ-बीपीने आपलं असं डिझेल आणलं तेव्हा ४.३ टक्क्यांपर्यंत इंधनबचतीचा दावा केला. इतर कंपन्यांचेही असेच दावे आहेत. मित्रांनो, इथे व्याकरणाचा एक धडा उपयोगी पडतो. "४.३ टक्के" आणि "४.३ टक्क्यांपर्यंत" यांत फरक आहे. 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय दिसायला लहान, पण सगळा भार तेच उचलतं. "पर्यंत" म्हणजे एकही असू शकतो आणि शून्यही. दावा खोटा नाही, पण तुमच्या गाडीबद्दल तो काहीच वचन देत नाही.

शिवाय अशा चाचण्या कशा करतात तेही समजून घ्या. युरोपात इंजेक्टरवर घाण कशी साचते हे मोजण्यासाठी प्यूजोच्या इंजिनावर एक ठरलेली चाचणी घेतात. त्यात घाण लवकर साचावी म्हणून इंधनात मुद्दाम जस्त मिसळतात. आधी इंजेक्टर घाण करायचा, मग साफ करून दाखवायचा. प्रयोग म्हणून हे योग्यच आहे, कारण नाहीतर फरक दिसायला वर्षं जातील. पण ज्या गाडीचा इंजेक्टर स्वच्छच आहे, तिला साबण लावून किती उजळणार?

म्हणून माझं म्हणणं असं: जुनी, जास्त पळालेली, भार वाहणारी गाडी असेल, तर अशा डिझेलचा हळूहळू उपयोग होऊ शकतो. नव्या आणि वेळेवर सर्व्हिसिंग होणाऱ्या गाडीत तो फरक इतका बारीक असतो, की तो कळण्याआधी खर्च कळतो.

चला, हिशेब करू

हा भाग सातवी-आठवीच्या मुलांनी वही घेऊन करावा. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा साधं डिझेल ९० रुपये लिटर आहे आणि खास डिझेल ९४ रुपये. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि वर्षाला २०,००० किलोमीटर चालते.

साधं डिझेल: २०,००० भागिले १५ म्हणजे सुमारे १,३३३ लिटर. खर्च सुमारे १,२०,००० रुपये.

खास डिझेलने अॅव्हरेज २ टक्क्यांनी वाढलं असं धरू. म्हणजे १५.३ किलोमीटर. लागणारं डिझेल सुमारे १,३०७ लिटर. खर्च सुमारे १,२२,९०० रुपये.

म्हणजे अॅव्हरेज वाढूनसुद्धा वर्षाला २,९०० रुपये खिशातून जास्त गेले! हिशेब बरोबरीत यायलाच अॅव्हरेज साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढायला हवं. म्हणजे १५ चं जवळजवळ १५.७. तुमच्या पंपावर दोन्हींचा दर सारखाच असेल, तर गोष्ट वेगळी. मग चांगलं तेच भरा, त्यात दुमत नाही.

पण मला तर फरक जाणवतो!

हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं आहे आणि म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच जाणवतं. नवे बूट घातले की पावलं आपोआप जोरात पडतात. महाग डिझेल भरलं की आपण अॅक्सिलरेटरही जपून दाबतो, कारण पैसे मोजलेले असतात. त्या जपून चालवण्यानेच अॅव्हरेज वाढतं आणि श्रेय जातं डिझेलला.

शिवाय दोन टाक्यांमध्ये किती गोष्टी बदलतात ते पहा. एक टाकी पुणे-सोलापूर सपाट रस्त्यावर संपली, दुसरी आंबा घाट चढताना. एकदा गाडीत दोघे होते, एकदा सहा जण आणि टपावर सामान. एकदा एसी चालू, एकदा बंद. टायरमधली हवा कमी झालेली. समोरून वारा. या प्रत्येक गोष्टीने डिझेलच्या नावापेक्षा जास्त फरक पडतो.

आणि मोजण्यातली चूक? नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तेव्हा टाकी प्रत्येक वेळी तितकीच भरलेली नसते. ४० लिटरच्या टाकीत एका लिटरचा फरक राहिला, तर अडीच टक्क्यांची चूक झाली. मग एका टाकीवरून दोन टक्क्यांचा फरक कसा पकडणार? फूटपट्टीने केसाची जाडी मोजण्यासारखं ते झालं.

खरंच पडताळायचं असेल तर असं करा:

१. एकच पंप, एकच नोझल आणि नोझल पहिल्यांदा बंद झालं की थांबायचं, वरून ठासून भरायचं नाही.
२. टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर आणायचा.
३. रोजचाच रस्ता, रोजचाच चालक. टायरची हवा दर आठवड्याला सारखी.
४. एका प्रकारच्या निदान पाच टाक्या, मग दुसऱ्या प्रकारच्या पाच.
५. प्रत्येक वेळचे लिटर आणि किलोमीटर वहीत. शेवटी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर.
६. आणि सर्वात महत्त्वाचं, कोणतं डिझेल भरलंय हे चालवणाऱ्याला सांगायचं नाही. घरातल्या दुसऱ्याने भरून आणावं.

सहावी अट ऐकून लोक हसतात, पण औषधांच्या चाचण्यांमध्येसुद्धा हेच करतात. कारण मन हे फार हुशार वजनकाटा आहे, हवं ते वजन दाखवतं.

जाता जाता आणखी एक समज. "पहाटे डिझेल भरावं, थंडीत ते दाट असतं, जास्त मिळतं." तत्त्व बरोबर आहे. डिझेल एका अंशाला सुमारे ०.०८ टक्के प्रसरण पावतं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान सकाळ-दुपारी फारसं बदलत नाही. म्हणून झोपमोड करण्याइतका फायदा त्यात नाही.

खरा फरक कुठे पडतो?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. विहीर एकच असेल, तर माठाकडे बघायला हवं.

डेपोतून निघालेलं चांगलं डिझेल तुमच्या टाकीत पोचेपर्यंत तीन ठिकाणी बिघडू शकतं: टँकरमध्ये, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत आणि तुमच्या स्वतःच्या गाडीत. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं, तळाशी गाळ साचला, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढून चिकट शेवाळासारखा थर झाला, की फिल्टर तुंबतो, इंजेक्टर खराब होतो. ज्या पंपावर विक्री चांगली आहे आणि टाकीची निगा राखली जाते, तिथे हा धोका कमी. एकाच कंपनीचा एक पंप उत्तम आणि चार किलोमीटरवरचा दुसरा वाईट, असं म्हणूनच होऊ शकतं.

आणि मग भेसळ. केरोसीन आणि डिझेल यांच्या दरात मोठी तफावत होती त्या काळात रेशनचं निळं केरोसीन डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा चालायचा. केरोसीन पातळ असतं, त्याची वंगणक्षमता कमी. त्याने पंप आणि इंजेक्टर झिजतात. आता महामार्गाच्या कडेला 'बायोडिझेल' या नावाखाली कसलंही स्वस्त तेल विकण्याचे प्रकार होतात. खऱ्या बायोडिझेललाही स्वतंत्र भारतीय मानक आहे. बाटलीत दिसायला पिवळं आहे म्हणून ते बायोडिझेल होत नाही.

हा विषय किती गंभीर आहे हे आपल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी परिसरात इंधनाच्या काळ्या बाजाराचा प्रकार दिसला. ते थांबले, त्यांनी जाब विचारला, आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. त्याआधी २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी इथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांना भेसळीविरुद्ध कारवाई केली म्हणून गोळ्या घालून मारलं गेलं.

मित्रांनो, या दोन माणसांनी प्राण दिले ते कोणत्या ब्रँडचं डिझेल चांगलं यासाठी नाही. फलकावर जे लिहिलं आहे तेच टाकीत असावं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी दिले. आपण मात्र फलकाच्या रंगावर वाद घालतो आणि टाकीत काय आहे हे विचारायला लाजतो. मला हीच गोष्ट खुपते.

ग्राहक म्हणून तुम्ही काय करू शकता?

लाजायचं कारण नाही, हे तुमचे हक्क आहेत.

• मीटर शून्यावर आहे ना, हे भरण्याआधी पाहा. मोबाइल खिशात ठेवा.

• माप कमी वाटलं तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. वैधमापन विभागाने तपासलेलं हे माप प्रत्येक पंपावर असावंच लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

• शंका आली तर घनता तपासून मागा. पंपावर हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि उंच काचेचं भांडं ठेवलेलं असतं. टँकरसोबत आलेल्या कागदावरची घनता आणि आत्ताची घनता १५ अंशांवर आणून पाहिली, तर दर घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नसावा. फिल्टर कागदाची चाचणी मात्र पेट्रोलसाठी असते, डिझेलसाठी नाही.

• पावती घ्या. पुढे काही बिघाड झाला, तर पावतीशिवाय तुमचं म्हणणं हवेत राहतं.

• तक्रारवही मागा आणि तिच्यात लिहा. नुसतं बडबडून निघून येऊ नका.

• पंपाच्या टाकीत टँकर रिकामा होत असेल तेव्हा, किंवा नुकताच झाला असेल, तर शक्य असल्यास थोडं थांबा. तळाचा गाळ त्या वेळी ढवळलेला असतो.

आणि गाडीकडेही बघा. डिझेल फिल्टर ठरलेल्या किलोमीटरला बदला, फिल्टरमधलं साचलेलं पाणी काढा, एअर फिल्टर साफ ठेवा, टायरची हवा पाहा. पीसीआरए ही सरकारी संस्था कित्येक वर्षं सांगत आली आहे, की ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाला इंधन सर्वात कमी लागतं. घाईत शंभरने गाडी पळवायची आणि मग अॅव्हरेजसाठी पंप बदलत बसायचं, हे जेवणावर आडवा हात मारून वर चहात साखर नको म्हणण्यासारखं झालं.

कोणी विचारेल, मग ब्रँडला काहीच अर्थ नाही का?

आहे की. कंपनीचं नाव म्हणजे तपासणीची हमी. जी कंपनी आपल्या पंपांची वारंवार तपासणी करते, नमुने घेते, टँकरला पक्कं कुलूप लावते, तिच्या पंपावर भेसळीची शक्यता कमी. या अर्थाने नावाला किंमत आहे आणि ती मी नाकारत नाही. काही गाड्यांच्या पुस्तिकेत इंधनाबद्दल खास सूचना असते, तीही पाळावी. पण हा विश्वास त्या विशिष्ट पंपाने रोज कमवायचा असतो. नुसत्या फलकावर तो कायमचा मिळत नाही.

शाळेचंही असंच आहे ना? अभ्यासक्रम सगळ्यांना एकच, पुस्तक बालभारतीचंच. तरी एका वर्गात मुलं शिकतात आणि दुसऱ्यात नाही. आपण शाळेचं नाव विचारतो. खरं तर विचारायला हवं, शिकवतं कोण आणि कसं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "अमक्याचं डिझेल टाक, गाडी उडते," तर वाद घालू नका. त्याला हसून विचारा, "किती टाक्या मोजल्यास? वही आहे का?" वही असेल तर त्याचं म्हणणं मान देऊन ऐका. नसेल तर चहा पाजा आणि विषय बदला.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या डिझेल गाडीचं पाच टाक्यांचं अॅव्हरेज वरील पद्धतीने काढा. सर्वात कमी आणि सर्वात जास्त यांत किती टक्के फरक आला? डिझेल तेच असताना हा फरक का आला, ते पाच ओळींत लिहा.

२. गावातल्या पंपावरचे दोन्ही दर टिपून घ्या. खास डिझेल परवडण्यासाठी अॅव्हरेज किती टक्के वाढायला हवं, ते गणिताने काढा.

३. वर्तमानपत्रातल्या कोणत्याही पाच जाहिरातींत 'पर्यंत', 'पासून' आणि 'अटी लागू' हे शब्द शोधा. ते काढून टाकले तर वाक्याचा अर्थ कसा बदलतो?

४. पालकांबरोबर पंपावर गेल्यावर पाच लिटरचं माप कुठे ठेवलं आहे ते विचारा. काय उत्तर मिळालं ते वर्गात सांगा.

तुमची निरीक्षणं आणि वेगळं मत असेल तर तेही जरूर कळवा. आकड्यांसकट कळवलंत तर जास्त आनंद होईल.